कुंपण कुणाचं आणि किती दिवसांचं? नव्या घरात शिरताना करायची तपासणी

घर बघायला गेलो की आपण नळ सोडून बघतो, खिडक्या उघडझाप करतो, कोपऱ्यात ओल शोधतो. कुंपणाकडे कुणी बघत नाही. मीही बघितलं नव्हतं. राहायला आल्यावर महिन्याभरात मागच्या कुंपणाचे दोन कललेले खांब मी उपसले, नवे रोवले, फळ्यांना तेल पाजलं आणि संध्याकाळी चहाचा कप घेऊन स्वतःचं काम न्याहाळत उभा राहिलो. पलीकडून मागच्या घरचे काका आले. त्यांनी खांबाला हात लावून पाहिला आणि म्हणाले, "काम छान केलंत हो. पण हे कुंपण आमचं आहे."

त्यात नवे दोन्ही खांब जुन्या जागेपासून चार बोटं पुढे, म्हणजे त्यांच्या बाजूला सरकले होते. काका समजूतदार निघाले म्हणून प्रकरण चहावर मिटलं. तेव्हापासून माझा एक नियम आहे. नव्या घरात पहिले पंधरा दिवस कुंपणाला हात लावायचा नाही. बघायचं, मोजायचं, विचारायचं आणि लिहून ठेवायचं. एखादा भाग कुणाच्या अंगावर पडेल अशी भीती असेल तरच अपवाद.

व्यवहार अजून पुरा व्हायचा असेल तर हीच तपासणी आधी उरकून घ्या. सही होण्यापूर्वी सापडलेला सडका खांब घासाघाशीत कामाला येतो, सही झाल्यावर सापडला तर त्याचा खर्च आपल्याच खिशातून जातो.

हद्द वेगळी, कुंपण वेगळं

निम्मी भांडणं इथेच सुरू होतात. हद्द ही कागदावरची रेघ आहे, तिला जाडी नसते. कुंपणाला जाडी असते, ते कलतं, सरकतं, आणि बांधणाऱ्याच्या सोयीनं वळणं घेतं. मध्ये झाडाचं मूळ आलं म्हणून कुणी खांब वीतभर आत घेतो. शेजाऱ्याशी कटकट नको म्हणून कुणी अख्खं कुंपणच स्वतःच्या जागेत बांधतो. पुढच्या मालकाला यातलं काहीच ठाऊक नसतं, तो कुंपणालाच हद्द समजून बसतो.

म्हणून प्रश्न एक नाही, तीन आहेत. हद्द नेमकी कुठून जाते? कुंपण कुणाच्या मालकीचं? आणि ते नीट ठेवायची जबाबदारी कुणाची? तिन्ही उत्तरं वेगवेगळी निघू शकतात. कुंपण आपल्या जागेत उभं आहे, बांधलं शेजाऱ्यानं आहे आणि जुन्या करारानुसार रंगरंगोटी दोघांनी वाटून करायची आहे, असंही असतं. प्रत्येक बाजूसाठी हे तीन प्रश्न वेगळे विचारा. डाव्या कुंपणाचं उत्तर उजव्याला लागू पडेलच असं नाही.

आधी कागद

खरेदीखत काढा आणि त्यातल्या चतुःसीमा वाचा. पूर्वेला काय, पश्चिमेला काय, प्रत्येक बाजूची लांबी किती, एकूण क्षेत्र किती. मग पूर्ण दस्त एकदा फक्त काही शब्दांसाठी चाळा: कुंपण, भिंत, सामाईक, देखभाल, दुरुस्ती, वहिवाट. जागेचे आधीचे दस्त मिळत असतील तर तेही बघा. "खरेदीदाराने दक्षिणेकडील कुंपण कायम राखावे" अशी अट तीन मालकांपूर्वीच्या दस्तात असते आणि पुढच्या दस्तांत "पूर्वीच्या अटींसह" एवढ्याच दोन शब्दांत गुंडाळलेली असते.

मग नकाशा. त्यावरच्या रेघेवर किती भरवसा ठेवायचा ते एका साध्या हिशोबानं कळतं. नकाशा १:५०० प्रमाणाचा असेल आणि रेघ अर्धा मिलिमीटर जाड असेल, तर त्या रेघेखाली जमिनीवरची २५ सेंटिमीटर जागा झाकली जाते. १:१२५० च्या नकाशावर तीच रेघ ६२ सेंटिमीटरहून जास्त जागा खाते. म्हणजे "कुंपण चार बोटं इकडे की तिकडे" या वादाचं उत्तर अशा नकाशात शोधणं व्यर्थ आहे. कागदावर लिहिलेली मापं रेघेपेक्षा जास्त कामाची. आणि नकाशाची प्रिंट काढताना "पानावर बसवा" हा पर्याय निवडला गेला असेल तर प्रमाणच बदललेलं असतं, तेव्हा त्या प्रिंटवर पट्टी ठेवून मोजू नका.

कायदा जागोजागी वेगळा आहे. इंग्लंडमध्ये जुन्या दस्तांच्या नकाशांवर हद्दीच्या रेघेला लागून इंग्रजी टी अक्षरासारखी खूण दिसते. ती ज्याच्या बाजूला असेल त्याच्याकडे सहसा त्या कुंपणाची जबाबदारी असते, आणि दोन्हीकडून दोन टी जुळून एच तयार झाला असेल तर ते सामाईक. दस्ताच्या मजकुरात त्या खुणेचा अर्थ लिहिलेला असेल तर उत्तमच, नुसत्या खुणेचं वजन कमी. तिथल्या नोंदणी खात्याच्या नकाशावरची लाल कडसुद्धा हद्द साधारण कुठे आहे एवढंच सांगते. कॅलिफोर्नियात २०१३ मध्ये झालेल्या कायद्यानुसार हद्दीवरच्या कुंपणाचा फायदा दोन्ही शेजाऱ्यांना सारखाच होतो असं गृहीत धरतात, म्हणून खर्चही निम्मा-निम्मा, आणि काम काढायच्या ३० दिवस आधी शेजाऱ्याला लेखी कळवावं लागतं. महाराष्ट्रात सात-बारा किंवा मिळकत पत्रिकेवर क्षेत्र आणि मालकाचं नाव मिळतं, पण हद्द जमिनीवर कुठे येते ते पाहायचं तर भूमी अभिलेख खात्याकडून मोजणी करून घ्यावी लागते. तुमचं घर जिथे असेल तिथला नियम काढा. दुसऱ्या ठिकाणचा नियम मित्राकडून ऐकला म्हणून तो इथे चालत नाही.

ऐकीव नियमांत दोन फार चिवट आहेत. एक, "घराकडे तोंड करून उभं राहिलं की डाव्या हाताचं कुंपण आपलं." दुसरा, "खांब आणि आडव्या पट्ट्या ज्याच्या बाजूला, कुंपण त्याचं." पहिल्याला काहीच आधार नाही. दुसऱ्यामागे थोडं व्यवहारज्ञान आहे. पुष्कळ लोक देखणी बाजू बाहेर ठेवतात आणि खांब आपल्या जागेत रोवतात, म्हणून ती एक खूण ठरू शकते. पण पुरावा नाही. काकांच्या कुंपणाचे खांब माझ्याच बाजूला होते, आणि मी फसलो तो तिथेच.

मग टेप घेऊन जमिनीवर

लागणारं साहित्य थोडंच आहे: किमान ३० मीटरची टेप, सुतळीचं बंडल, चार खुंट्या, ओळंबा (दोरीला टांगलेलं वजन, सरळ उभी रेघ बघायला), पेन्सिल, चौकटीचा कागद आणि टेपचं दुसरं टोक धरणारा एक माणूस.

आधी कोपरे शोधा. गवत बाजूला करून हद्दीचा दगड, लोखंडी खुंटी, जुन्या खांबाचं कापलेलं बूड, सिमेंटमध्ये ठोकलेला खिळा असं काही दिसतंय का बघा. सापडलं तर फोटो काढा, पण हलवू नका, उपटू तर मुळीच नका. हद्दीची खूण हलवणं हा बऱ्याच ठिकाणी गुन्हा आहे, आणि ती परत "जागेवर" ठेवली हे पटवून देणं अशक्य.

दोन कोपऱ्यांमध्ये सुतळी ताणा आणि दर तीन मीटरवर सुतळीपासून कुंपणापर्यंतचं अंतर लिहा. कुंपण कुठे पोटात आलंय, कुठे बाहेर गेलंय ते आकड्यांत दिसेल.

चारही बाजू मोजल्या की काम झालं असं वाटतं, पण तसं नसतं. चार बाजूंची लांबी कागदाशी तंतोतंत जुळूनही चौकोन तिरका होऊ शकतो, जशी कडेला दाबलेली खाट तिरकी होते. त्यासाठी निदान एक कर्ण मोजाच, दोन्ही मोजता आले तर दुसरा पडताळ्याला. घर मध्ये येत असेल तर कोपऱ्यांपासून घराच्या ठरावीक टोकांपर्यंतची अंतरं घ्या, त्रिकोण करून नकाशा काढता येतो. उतारावर टेप आडवी धरा, जमिनीला टेकवून नको. दहा मीटरला एक मीटर चढ असेल तर जमिनीलगत मोजल्यानं पाच सेंटिमीटर जास्त भरतात, आणि कुंपणाच्या वादात पाच सेंटिमीटर थोडे नाहीत.

फोनमधल्या नकाशावर उपग्रहचित्रात आखलेली हद्द दाखवून कुणी काही म्हणालं तर हसून सोडून द्या. फोनची जागा सांगण्यात काही मीटरचा फरक सहज पडतो.

तुमचं माप आणि कागद यांत हातभर तफावत आली तर लगेच शेजाऱ्याच्या दारात जाऊ नका. परवानाधारक सर्व्हेअरला बोलवा. मोजणीचा खर्च आहे, पण कुंपण पाडून परत बांधण्यापेक्षा आणि वकिलापेक्षा तो नक्कीच कमी. मोजणीच्या वेळी शेजाऱ्याला आधी कळवून हजर राहायला सांगा. त्यांच्या डोळ्यांसमोर ठोकलेल्या खुंटीला नंतर कुणी सहसा आव्हान देत नाही.

कुंपण बरीच वर्षं चुकीच्या जागी उभं असेल तर प्रकरण नुसत्या मापाचं राहत नाही. प्रतिकूल कब्जा नावाची गोष्ट अनेक देशांच्या कायद्यात आहे: दुसऱ्याची जागा उघडपणे, सलग, मालकासारखी ठरावीक वर्षं वापरली तर मूळ मालकाचा दावा बुडू शकतो. भारतात १९६३ च्या मुदत कायद्यात खासगी जागेसाठी ही मुदत १२ वर्षांची आहे. म्हणून "कुंपण कधीचं आहे?" हा प्रश्न गप्पांतला वाटला तरी कामाचा आहे. इथे मात्र स्वतःच्या वाचनावर विसंबू नका, वकिलाला कागद दाखवा.

माणसांना विचारा, आणि उत्तर लेखी घ्या

आधीच्या मालकाला ताबा घेण्यापूर्वी एक छोटा मेसेज किंवा मेल पाठवा. कोणत्या बाजूचं कुंपण कुणी बांधलं, कोणत्या साली, पैसे कुणी दिले, पावती आहे का, शेजाऱ्याशी काही तोंडी ठरलं होतं का, कधी वाद झाला होता का. फोनवर विचारलंत तर उत्तर हमखास "अहो, काही प्रॉब्लेम नाही तिकडे" असं येतं. लिहून विचारलं की माणूस जरा आठवून सांगतो. शेवटचा प्रश्न, वादाचा, गाळू नका. तो संकोचामुळे राहतो आणि नंतर सगळ्यात महाग पडतो.

शेजाऱ्याकडे पहिल्या आठवड्यातच जा, पण हातात टेप नको. ओळख करून घ्या, आणि बोलता बोलता विचारा, "काका, हे मधलं कुंपण कुणी घातलं होतं?" हा प्रश्न असा मोकळा ठेवला की गोष्टी बाहेर येतात. "हे कुंपण तुमचं की आमचं?" असं विचारलं की समोरचा सावध होतो आणि बहुतेकदा "तुमचंच" म्हणतो, कारण दुरुस्ती कुणालाच नको असते. घरी आल्यावर त्यांनी काय सांगितलं ते तारीख घालून वहीत टिपा.

आता प्रकृती

मालकी कळेपर्यंत थांबायची गरज नाही, तब्येतीची तपासणी समांतर चालू द्या. सगळ्यात चांगला दिवस म्हणजे चांगला पाऊस पडून गेल्याच्या दुसऱ्या दिवशीचा. माती मऊ असते, सैल खांब हलतात आणि पाणी कुठे साचतं ते उघड दिसतं. शेजाऱ्याची परवानगी मिळाली तर पलीकडूनही बघा. आपल्या बाजूनं ठणठणीत वाटणारी भिंत तिकडून पोट काढून उभी असू शकते.

प्रत्येक खांबाला किंवा भिंतीच्या प्रत्येक तुकड्याला क्रमांक द्या, खडूनं लिहा आणि त्याच क्रमानं फोटो काढा. फोटोत टेप किंवा निदान एक वीट तरी असू द्या, म्हणजे आकाराचा अंदाज येतो. सामान यायच्या आधी, रिकाम्या अंगणात हे झालं तर उत्तम.

*लाकडी कुंपण.* लाकडी खांब जमिनीच्या पातळीला सडतो. त्याचं कारण साधं आहे. कुजवणाऱ्या बुरशीला ओल आणि हवा दोन्ही लागतात, आणि लाकडात साधारण २० टक्क्यांहून जास्त ओल टिकली तरच तिचं फावतं. खोल मातीत हवा कमी, वर ऊन-वाऱ्यानं लाकूड वाळतं, मधल्या वीतभर पट्ट्यात दोन्ही मुबलक. त्यामुळे वरचा खांब नव्यासारखा दिसत असतानाच बूड पोकळ झालेलं असतं.

तपासायचं असं. खांबाच्या बुडाभोवतीची माती चार-पाच सेंटिमीटर खरवडा. साधा स्क्रू-ड्रायव्हर घेऊन जमिनीच्या जरा वर आणि जरा खाली, चारही बाजूंनी, अंगठ्याच्या जोरानं टोचा. निरोगी लाकडात टोक जेमतेम रुततं आणि बाहेर काढताना लाकूड ते धरून ठेवतं. सडक्या लाकडात ते केकमध्ये सुरी जावी तसं जातं आणि बाहेर येताना ओला, गडद भुसा घेऊन येतं. चारांपैकी एकाच बाजूला मऊ लागलं तर खांबाला अजून काही दिवस आहेत. तिन्ही-चारही बाजू मऊ असतील तर तो केवळ सवयीनं उभा आहे.

मग खांबाचा माथा दोन्ही हातांनी धरून पुढे-मागे हलवा आणि नजर बुडाकडे ठेवा. खांब, काँक्रीट आणि माती सगळं एकत्र डुलत असेल तर पाया उथळ आहे किंवा माती खचली आहे; खांब वाचू शकतो. काँक्रीट स्थिर आणि खांब त्याच्या तोंडाशी वाकत असेल तर बूड गेलं. अंदाजासाठी सांगतो, खांबाच्या एकूण लांबीचा पाव ते एक तृतीयांश भाग जमिनीत असावा. १.८ मीटर उंच कुंपणाला साधारण ६० सेंटिमीटर. काँक्रीटचा माथा खांबापासून बाहेर उतरता आहे का तेही बघा. तो वाटीसारखा खोलगट असेल तर प्रत्येक पावसात खांबाचे पाय पाण्यात बुडतात.

वाळवीसाठी बुडाशी मातीच्या पेन्सिलएवढ्या नळ्या शोधा आणि हातोडीच्या दांड्यानं ठोकून आवाज ऐका. टणक लाकूड टणटणतं, पोखरलेलं बद्द वाजतं. फळ्यांच्या खालच्या कडा मातीला टेकल्या असतील तर ओल तिथूनच चढणार. खिळ्यांखाली काळे-तांबडे ओघळ दिसले तर खिळे गंजताहेत. हे दोन्ही किरकोळ आहेत. फळी बदलणं अर्ध्या तासाचं काम, खांब बदलणं अर्ध्या दिवसाचं; म्हणून वेळ खांबांवर घालवा.

*विटांची किंवा दगडी भिंत.* इथे चूक झाली तर जीवावर बेतू शकतं. खाली उभं राहून भिंतीच्या माथ्यावरून ओळंबा सोडा आणि वर व खाली दोरीपासून भिंतीपर्यंतचं अंतर मोजा. दोन अंतरांतला फरक म्हणजे कल. ब्रिटनमधल्या सरकारी सूचनांत एक ढोबळ मर्यादा दिली आहे: अर्ध्या विटेच्या जाडीची भिंत ३० मिलिमीटर, एका विटेची ७० मिलिमीटर आणि दीड विटेची १०० मिलिमीटर कलली असेल तर ती धोकादायक असू शकते. माप याहून कमी आलं म्हणजे निर्धास्त, असं नाही, पण जास्त आलं तर त्या बाजूला मुलांना खेळू देऊ नका आणि इंजिनिअरला बोलवा.

भेगांची दिशा बरंच सांगून जाते. विटांच्या सांध्यांतून पायऱ्यापायऱ्यांनी तिरकी चढणारी भेग म्हणजे पाया एकीकडे खचला किंवा मुळांनी उचलला. सरळ उभी भेग, रुंदी वरपासून खालपर्यंत सारखी, म्हणजे बहुधा उन्हानं प्रसरण-आकुंचन झालं आणि भिंतीत सांधा सोडलेला नव्हता. ही बऱ्याचदा निरुपद्रवी. मला सगळ्यात नको असते ती आडवी भेग. आडवी भेग आणि तिच्या आसपास पोट सुटलेलं दिसलं की पलीकडून काहीतरी ढकलतंय.

ते काहीतरी बहुतेकदा माती असते. दोन्ही बाजूंची जमिनीची पातळी माथ्यापासून मोजून बघा. कंपाउंड वॉल नुसती उभी राहण्यासाठी बांधलेली असते. शेजाऱ्यानं किंवा आपल्याच आधीच्या मालकानं बागेसाठी एका बाजूला दोन फूट भराव टाकला की तिच्यावर न पेलणारं ओझं येतं. पावसात ते वाढतं, कारण एक घनमीटर पाण्याचं वजनच १००० किलो. भराव असलेल्या भिंतीला खालच्या बाजूला पाणी निघायची छिद्रं हवीत, आणि ती नुसती असून उपयोग नाही, पावसात त्यांतून पाणी यायला हवं. लोणा (ओलीबरोबर वर आलेला पांढरट क्षार) धरलेला पट्टा दिसला तर ओल कुठवर चढते ते कळतं. माथ्यावरचं कोपिंग, म्हणजे भिंतीवर झाकणासारखा बसवलेला थर, हातानं हलवून बघा. सांध्यात रुजलेलं पिंपळाचं रोप बोटाएवढं असतानाच काढायचं, नंतर ते भिंतीसकट निघतं.

भेग वाढतेय का ते पाहायला तिच्या दोन्ही टोकांशी पेन्सिलनं आडवी रेघ मारून तारीख लिहा आणि भेगेच्या दोन्ही बाजूंना एकेक फुली मारून त्यांतलं अंतर नोंदवा. दर महिन्याला तेच माप घ्या. थांबलेली जुनी भेग ही भिंतीची सुरकुती समजा, चालती भेग मात्र आजार आहे.

*जाळी आणि लोखंड.* चकाकी गेलेलं करडं जस्त चालतं, पांढरी भुकटीही फारशी काळजीची नाही. तांबडा गंज दिसला की जस्ताचा मुलामा संपला आणि खालचं लोखंड उघडं पडलं. पाइपच्या खांबांची टोपणं गेली असतील तर पाऊस आत साचतो आणि खांब आतून गंजतो. नाण्यानं ठोकत खाली आलात तर पातळ झालेल्या जागी आवाज बदलतो. कोपऱ्याच्या खांबांना तिरके टेकू हवेत, सगळा ताण तिथेच येतो. आणि जाळीवर कुणी आडोशाला हिरवी नेट किंवा पत्रे बांधले असतील तर सावध. जाळीतून वारा जातो, पत्र्यातून जात नाही, आणि वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की दाब चौपट होतो. जाळीसाठी रोवलेले खांब शिडाचा भार घ्यायला बनवलेले नसतात.

*प्रीकास्ट, म्हणजे तयार ओतून आणलेले काँक्रीटचे खांब आणि स्लॅब.* खांबावर उभी बारीक भेग आणि तिच्यातून तांबूस ओघळ दिसला तर आतली सळई गंजते आहे. गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो आणि काँक्रीट आतून फोडतो. वरून सिमेंट फासलेलं असेल तर ते घर विकायच्या तयारीत केलेलं असण्याची शक्यता बरीच.

*जिवंत कुंपण.* बुंधा कुणाच्या जागेत आहे ते बघा, फांद्या नव्हे. खाली वाकून बुडाशी किती उजेड दिसतो ते पाहा, कुत्री-मांजरं तिथूनच येणार.

*फाटक.* ते अर्धं उघडून सोडून द्या. आपोआप फिरलं तर बिजागऱ्यांचा खांब ओळंब्यात नाही. दोन्ही कर्ण मोजा, फरक पडला तर चौकट तिरकी झाली आहे. लाकडी फाटकाची तिरकी पट्टी खालच्या बिजागरीपासून निघून कडीच्या बाजूला वर जायला हवी, म्हणजे ती ओझं पेलते. उलटी ठोकलेली असेल तर फाटक दर वर्षी थोडं खाली झुकणारच, कितीही वेळा बिजागरी बदला. फाटकाचीही मालकी तपासा, विशेषतः बोळ सामाईक असेल तर.

सापडलेल्या गोष्टींचं काय करायचं

सगळं एकदम दुरुस्त करायला जाऊ नका. यादीचे तीन भाग करा: कुणाच्या अंगावर पडू शकेल असं, पुढचा पावसाळा काढणार नाही असं, आणि दिसायला वाईट पण उभं राहील असं. पहिल्या भागासाठी मालकी कळायची वाट बघू नका. लगेच शेजाऱ्याला सांगा, खालची जागा दोरीनं बंद करा, तात्पुरता टेकू द्या.

कुंपण शेजाऱ्याचं निघालं तर ते कितीही खराब असलं तरी त्याला खिळे मारू नका, रंग देऊ नका, वेल चढवू नका, माती टेकवू नका. आपल्या बाजूला का असेना, वस्तू त्यांची आहे. धोका असेल तर फोटोसह लेखी कळवा, भाषा साधी ठेवा: "खांब क्रमांक ५ बुडाशी सडला आहे, आमच्या बाजूला कलतो आहे, बघून घ्याल का?" त्यांनी काहीच केलं नाही आणि तुम्हाला राहवत नसेल, तर पूर्णपणे आपल्या हद्दीत स्वतःचं दुसरं कुंपण घालता येतं. उंचीचा स्थानिक नियम आधी बघा, आणि खड्डे घेण्यापूर्वी खालून पाण्याची, गॅसची किंवा विजेची लाइन जाते का याची चौकशी करा.

सामाईक निघालं तर काम काढण्यापूर्वी अर्ध्या पानाचा कागद करा. कोणता तुकडा, कोणत्या प्रकारचं कुंपण, किती उंच, कोणत्या रेघेवर, खर्च कसा वाटायचा, पुढची देखभाल कुणाची. खाली दोघांच्या सह्या, तारीख, आणि ज्यावर रेघ आखली आहे तो नकाशा सोबत. घर विकताना हा कागद पुढच्या मालकाला द्यायचा. माझ्या आधीच्या मालकानं काकांशी असंच काहीतरी ठरवलं होतं म्हणे, पण तोंडी.

मागच्या बाजूचा कागद मी आणि काकांनी नंतर केला. माझे दोन खांब त्यांनी उपटायला लावले नाहीत. "कुंपण उत्तरेकडच्या मालकाचं, खांब ३ आणि ४ हद्दीच्या उत्तरेस सात सेंटिमीटर, हद्द यामुळे बदलत नाही" असं लिहून घेतलं. फोटो, मापं, मेसेज आणि हा कागद घराच्या खरेदीखताच्याच फाइलीत आहे. पहिलं मोठं वादळ येऊन गेलं की तेच क्रमांक घेऊन आम्ही दोघं एक फेरी मारतो, प्रत्येक खांबाचा माथा हलवतो आणि मागच्या वेळच्या कलाशेजारी नवा आकडा लिहितो.